गावच्या ओटीवरचा वायफाय कॅमेरा : एक पावसाळा काढल्यावर

गावी राहणाऱ्या म्हाताऱ्या आईवडिलांसाठी मुंबईची मुलं मे महिन्यात येऊन अडीच-तीन हजारांचा फिरता कॅमेरा लावून जातात. तसाच एक, 3 मेगापिक्सेलचा, दोन्हीकडून बोलता येणारा, मालवण तालुक्यातल्या चिरेबंदी घरात उन्हाळ्यापासून चालू आहे. चित्राबद्दल तक्रार नाही, रात्रीही माणूस ओळखू येतो. तक्रारी आहेत त्या वेगळ्या.

बसवताना चिऱ्यात रावळप्लग (स्क्रू धरायची प्लास्टिकची खुंटी) घालू नका. चिऱ्याचा दगड म्हणजे जांभा, तो सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात प्लग सैल होतो आणि कॅमेरा मान टाकतो. लाकडी खांबाला स्क्रू मारा. हे कॅमेरे बहुतेक 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे राउटर 2.4 आणि 5 अशा दोन्ही बँडवर वायफाय देत असेल तर 2.4 ला वेगळं नाव द्या. राउटर माजघरात आणि कॅमेरा पडवीत असेल तर मधल्या दोन चिऱ्याच्या भिंती सिग्नल खातात. वायर लांबवायची म्हणून बारीक यूएसबी एक्स्टेन्शन जोडलं की व्होल्टेज पडतं आणि रात्री अंधारात बघायचे इन्फ्रारेड दिवे लागताच कॅमेरा पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो. खाऱ्या हवेने पिनेवर हिरवा थर चढला तरी हेच होतं. पिन पुसून बघा, लगेच नवा अडॅप्टर आणू नका.

पहिल्या पावसात इन्फ्रारेडभोवती किडे जमले, किड्यांमागे पाल आणि कोळी आले. लेन्ससमोर जाळं हललं की मुलाच्या फोनवर रात्री दोनला ‘हालचाल आढळली’. उपाय सोपा आहे: इन्फ्रारेड बंद, ओटीवर लहान एलईडी दिवा चालू, आणि सूचना फक्त ‘माणूस’ दिसल्यावर. तरी कधीकधी दोरीवरचं लुगडं माणूस ठरतं.

खरा ताप वीज गेल्यावर. ॲप ‘ऑफलाइन’ दाखवतं आणि डोंबिवलीत घाबरगुंडी उडते. राउटरला 12 व्होल्टचा मिनी यूपीएस (वीज गेल्यावर चालणारी छोटी बॅटरी) लावला तर साधारण तीन तास निघतात. यूएसबी आउटपुटवाला घेतला तर कॅमेराही त्यावरच चालतो. पण 2020 च्या निसर्ग किंवा 2021 च्या तौक्तेसारखं वादळ झालं तर दिवसचे दिवस वीज नसते, तिथे यूपीएस काय करणार? शेजारच्या दोन घरांचे नंबर आधीच घेऊन ठेवा. ऑफलाइन म्हणजे लाइट गेली, एवढंच आधी समजायचं.

आता माणसांचं. दिसतंय म्हटल्यावर फोन कमी होतात. रोज संध्याकाळचा ‘जेवलंस गो?’ बंद होतो, कारण आई जेवल्याचं दिसलेलं असतं. जो फोन येतो तो चौकशीचा: दुपारी अडीचपर्यंत जेवली का नाहीस, बाबा ऊन असताना खळ्यात (पुढच्या अंगणात) कशाला गेले. काळजीपोटी विचारलेलं असलं तरी पलीकडे ते पहाऱ्यासारखंच ऐकू येतं. भिंतीतून अचानक मुलाचा आवाज आला की म्हातारं माणूस दचकतं. त्यात आवाज सेकंद-दीड सेकंद उशिरा पोचतो, दोघे एकमेकांवर बोलतात. आधी फोनची रिंग द्या, मगच कॅमेऱ्यातून बोला. त्यापेक्षा कॅमेऱ्यावरच कॉलचं बटण असलेलं मॉडेल घ्या, म्हणजे बोलायची सुरुवात आईकडूनही होते.

सगळ्यात मोठं नुकसान ओटीवर होतं. दुपारी पानाचा डबा घेऊन बसायला येणाऱ्या शेजारणी ‘तुझो झील बघता मां?’ (तुझा मुलगा बघतोय ना?) म्हणत मागच्या दारी वळतात, मग यायच्याच कमी होतात. सुनेचं, भावकीचं, गुडघ्याचं बोलणं कॅमेऱ्यासमोर कोण काढील? मुलाला आई सुरक्षित दिसते, पण तिची रोजची सोबत तुटलेली स्क्रीनवर दिसत नाही. म्हणून कॅमेऱ्याचं तोंड ओटीच्या बैठकीकडे नको, पायरी आणि खळ्याकडे ठेवा. माइकचं रेकॉर्डिंग सेटिंगमधून बंद होतं, तेही करा. माजघर, न्हाणीची वाट इथे तर मुळीच नको.

आणि बटण आईबाबांच्या हातात द्या. राउटर व कॅमेरा एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेऊन प्लग हाताला येईल असा ठेवा. वळवाच्या विजा सुरू झाल्या की तो उपटायचा (फायबरमधून वीज येत नाही, अडॅप्टरमधून येते), आणि कुणी बसायला आलं तरी उपटायचा. यूपीएस असेल तर कॅमेऱ्याची पिनही काढावी लागते. ‘बंद का केलात’ हे विचारायचं नाही, असं मुलांनी आधीच ठरवावं. ते जमणार नसेल तर कॅमेरा घेऊच नका, ते पैसे गावच्या एसटीला घाला.

मेमरी कार्ड 128 जीबीचं, सतत लिहिण्यासाठी बनवलेलं घ्या. सतत रेकॉर्डिंगला आठवडाभर पुरतं. पासवर्ड भावंडांत वाटू नका, ॲपमधून ‘शेअर’ द्या आणि जुनं रेकॉर्डिंग पाहायचा हक्क एकाकडेच ठेवा. घर सामायिक असेल तर लावण्याआधी चुलत्यांना विचारा, नाहीतर वाटपाच्या भांडणात कॅमेऱ्याचाही मुद्दा येतो. गणपतीत घर भरतं, बायका-मुली ओटी-पडवीत झोपतात. हरतालिकेच्या आदल्या दिवशीच कॅमेरा खांबावरून उतरवून कपाटात ठेवा. ॲपमधून चित्र बंद करणारी प्रायव्हसी मोड पाहुण्यांना दिसत नाही, रिकामा खांब दिसतो.