कार्बनच्या काट्रिज: धरते घट्ट, सोडते का?

मॉर्फिन व त्याची दोन ग्लुकुरोनाइडे (शरीरात मॉर्फिनला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून बनणारी रूपे) रक्ताच्या प्लाझ्मातून एकत्र काढायची असल्याने आम्ही सी-१८ (१८ कार्बनच्या साखळ्या जोडलेली सिलिका) ऐवजी सच्छिद्र ग्राफाइटी कार्बनच्या २५ मिलिग्रॅमच्या काट्रिज (नमुन्यातले औषध धरून ठेवणाऱ्या व नंतर द्रावकाने ते सोडवून घ्यायच्या लहान नळ्या) मागवल्या आणि काही आठवडे नियमित वापरल्या. ग्लुकुरोनाइडे अतिशय ध्रुवीय असल्यामुळे सी-१८ वर ती धरून ठेवताना पीएच नेमका राखावा लागतो. त्यातले ६-ग्लुकुरोनाइड वेदनाशामक असून मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत साचत जाते, त्यामुळे ते निसटून जाणे परवडणारे नाही. कार्बनच्या सपाट पृष्ठभागावर ते सहज थांबते, आणि पाण्याने धुतल्यावर क्षार निघून गेले तरी औषध जागचे हलत नाही, हे या काट्रिजचे खरे बळ आहे. शिवाय सिलिका पीएच २ ते ८ च्या बाहेर टिकाव धरत नाही, तर कार्बनला तीव्र आम्लाचे वा अल्कलीचे भय नाही.

अडचण सोडवून घेताना येते. विषबाधेत पोटात देतात तो कोळसा जे धरतो ते परत देत नाही म्हणूनच उपयोगी पडतो. आपल्याला मात्र सगळे परत हवे असते. नुसत्या मिथेनॉलने आमचे मॉर्फिन अर्धवटच उतरले. अॅसिटोनायट्राइलमध्ये थोडे ट्रायफ्लुरोअॅसेटिक आम्ल घातल्यावर काम झाले, पण हे आम्ल मास स्पेक्ट्रोमीटरमधला (रेणू वस्तुमानावरून ओळखून मोजणाऱ्या यंत्रातला) संकेत दाबते, म्हणून नायट्रोजनखाली द्रावण पूर्ण सुकवून मोबाइल फेजमध्ये (क्रोमॅटोग्राफीच्या कॉलममधून वाहणाऱ्या द्रावकात) पुन्हा विरघळवणे अपरिहार्य ठरते. ड्युटेरियमयुक्त अंतर्गत मानक (तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात घातलेले, जड हायड्रोजन असलेले तेच संयुग) सुरुवातीलाच प्लाझ्मात मिसळले नसते, तर कमी रिकव्हरीचे (औषध पूर्ण परत न मिळाल्याने आलेले) आकडे आम्ही खरे मानून बसलो असतो.

आणखी एक सावधगिरी: दोन्ही ग्लुकुरोनाइडांचे वस्तुमान एकच, त्यामुळे काट्रिज कितीही स्वच्छ अर्क देवो, ती वेगळी करण्याचे काम क्रोमॅटोग्राफीच्या कॉलमलाच करावे लागते. तसेच प्रथिने आधी न काढता प्लाझ्मा ओतला, तर एवढा लहान थर लगेच तुंबतो आणि मॅनिफोल्डवर (अनेक काट्रिज एकाच वेळी चालवण्याच्या चौकटीवर) बारा नमुने बारा वेगवेगळ्या वेगांनी उतरताना पाहणे फारसे सुखद नसते.

किंमत सी-१८ पेक्षा ठळकपणे जास्त आहे. मूळ औषधापुरतेच मोजमाप असेल, तर हा खर्च मी करणार नाही. ग्लुकुरोनाइडांसाठी मात्र पुढची खेप मागवली आहे.