«एनडीए नाही तर अग्निवीर, एक तरी पक्कं» या बोलीवर आम्हाला कसं लुबाडलं

निकालाचे दिवस आले की आमच्या तालुक्यात चौकाचौकात सैन्यभरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडम्यांचे फ्लेक्स लागतात. यंदाही लागलेत. ज्या माणसाने आमच्याकडून दोन लाख पंच्याऐंशी हजार रुपये काढले त्याचाही त्यात एक आहे, फक्त अकॅडमीचं नाव नवीन आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही, तक्रारीचा तपास चालू आहे. पण तो बोलतो काय, कागद कुठले घेतो आणि पैसे कोणत्या टप्प्यावर मागतो ते सगळं लिहिते. ज्यांच्या घरात वर्दीचं वेड असलेलं सोळा-सतरा वर्षांचं पोर आहे, त्यांनी कृपा करून शेवटपर्यंत वाचावं.

आमचा सातारा जिल्हा फौजेचा. माझे थोरले भाऊ हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे लेकाला हे वेड मामाकडूनच लागलं. दहावी झाल्यावर त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. एक अग्निवीरची, म्हणजे चार वर्षांसाठी सैन्यात जवान व्हायची. साडेसतरा वर्षं पूर्ण झाली की भरतीला उभं राहायचं, जनरल ड्युटीला दहावीचे ४५ टक्के लागतात. चार वर्षांची नोकरी, पहिल्या वर्षी महिना ३०,००० पगार, त्यातले ९,००० सेवानिधीला कापून २१,००० हातात. सरकार तेवढीच भर घालतं आणि चार वर्षांनी साधारण दहा लाख आणि वर व्याज मिळतं. पुढे कायम होतात ते फार तर २५ टक्के. दुसरी वाट एनडीएची, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची. बारावीला असतानाच यूपीएससीची लेखी द्यायची, गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमतेचे ६०० गुण, मग पाच दिवसांची एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत, तिचे आणखी ९००. मग मेडिकल. पास झाला तर खडकवासल्याला तीन वर्षं, त्यापुढे लष्करात जायचं तर डेहराडूनला एक वर्ष, आणि पोरगा अधिकारी होऊन बाहेर पडतो. जागा मात्र एका परीक्षेला चारशेच्या आसपास आणि बसणारी मुलं लाखांनी.

आमच्या ह्यांना चार वर्षांची नोकरी पटत नव्हती. बाविसाव्या वर्षी पोरगं परत दारात आलं तर काय, ही त्यांची काळजी. मामा म्हणायचे, वय आहे तोवर एनडीए दे, साडेएकोणीसनंतर तो दरवाजा बंद होतो. लेकाचं पळणं चांगलं, गणित बेताचं, आणि त्याचे दोन मित्र अग्निवीरच्या तयारीला लागलेले. एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे असं त्याचं चाललं होतं. आम्ही त्याला एवढंच सांगितलं की ठरवायचं तू, घाई करू नकोस, जे ठरवशील त्याला आम्ही दोघं पाठीशी आहोत. आजही मी त्याला हेच सांगेन.

त्या माणसाने हात घातला तो नेमका इथे. तो स्वतः घरी आला. दहावी पास झालेल्या मुलांची नावं आणि फोन नंबर त्याच्याकडे आधीच होते. अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात मध्येच हिंदी, भिंतीवरचा मामांचा वर्दीतला फोटो बघून उभा राहिला आणि सॅल्यूट केला. मला म्हणाला, «ताई, निवड करायचीच कशाला? आमच्याकडे दोन वर्षांची एकत्रित बॅच आहे. अकरावी-बारावी टायअपच्या कॉलेजात, सकाळी ग्राउंड, दुपारी एनडीए. एनडीए नाही तर अग्निवीर, एक तरी पक्कं.» पोराच्या मनात ठरत नव्हतं, ते ठरवायची गरजच नाही असं कुणीतरी सांगत होतं. घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं. मामा त्या वेळी घरी नव्हते.

राहणं-जेवण धरून एक लाख चाळीस हजार भरले. मी पतसंस्थेत काम करते, पावती बघायची सवय आहे, म्हणून पहिल्याच दिवशी विचारलं की पावतीवर फीऐवजी देणगी का लिहिलंय आणि अकॅडमीऐवजी ट्रस्टचं नाव कसं. उत्तर तयार होतं: कराचा विषय आहे, सगळ्यांना अशीच देतो. कागद तपासायला म्हणून शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणि मूळ मार्कलिस्ट ठेवून घेतली. नंतर कळलं की कुठलंही पोर मध्येच सोडून जाऊ लागलं की हेच कागद अडवून उरलेल्या फीसाठी पालकांना नमवतात. मूळ कागद अकॅडमीला लागत नाहीत. भरतीच्या मैदानावर ते मुलाने स्वतः न्यायचे असतात, आणि तपासून परत मिळतात.

शिकवणं काय होतं ते लेक सुट्टीत आला की कळायचं. ग्राउंड रोज, तेही डांबरी रस्त्यावर, पोरांच्या नडग्या दुखून सुजलेल्या. गणिताचे सर दिवाळीत सोडून गेले ते गेलेच. एनडीएच्या पेपरला चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, म्हणजे कुठला प्रश्न सोडायचा हे शिकणंसुद्धा तयारीचा भाग, आणि ह्यांच्या सराव पेपरांत उणे गुणच धरत नव्हते. पोरांना सत्तर-सत्तर टक्के पडायचे. ते आकडे पालकांच्या ग्रुपवर टाकले जायचे. लेकाची एनडीएची लेखी निघाली नाही. त्याचं त्याला फार लागलं, दोन दिवस जेवला नाही नीट. पण पळण्यात तो पक्का होता. अग्निवीरचा फॉर्म आम्ही घरूनच भरला, २५० रुपये फी. ऑनलाइन परीक्षा तो पास झाला, रॅलीला १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारले, दहा पुलअप्स काढले. दोन्हीचे पूर्ण गुण. हे सगळं त्याच्या पायांवर आणि मेहनतीवर झालं, यात त्या माणसाचा काडीचा हात नव्हता.

मेडिकलला कानात मळ साठलेला निघाला. डॉक्टरांनी तात्पुरता अनफिट लिहून रिव्ह्यूची, म्हणजे फेरतपासणीची चिठ्ठी दिली, तिच्यावर कुठल्या मिलिटरी हॉस्पिटलला किती तारखेच्या आत जायचं ते लिहिलेलं होतं. कानाच्या डॉक्टरकडे एका सकाळचं काम होतं. लेकाने बाहेर येऊन पहिला फोन अकॅडमीला केला, कारण पोरांना तसं बजावून ठेवलेलं होतं: मेडिकलचं काहीही निघालं तर आधी सरांना कळवायचं.

त्याच संध्याकाळी तो घरी हजर. चिठ्ठी हातात घेतली आणि म्हणाला, «ताई, हा आता कागदोपत्री विषय आहे. पोराला हॉस्पिटलला पाठवू नका, तिथे एकदा कायमचा अनफिट शिक्का बसला की संपलं. माझी फाईल वरून जाते.» चिठ्ठी घेऊन गेला. आठवडाभराने व्हॉट्सअॅपवर एक पत्र आलं. वर तीन सिंहांची मुद्रा, खाली गोल शिक्का, लेकाचा बरोबर रोल नंबर, रिव्ह्यू मंजूर, निवड तात्पुरती पक्की, आणि किट व प्रशिक्षणासाठी एक लाख पंचेचाळीस हजार परतफेडीची अनामत भरावी.

सैन्य अनामत घेतं का, हे मी त्याला तोंडावर विचारलं. तेव्हा त्याने फाईलमधून यूपीएससीची एनडीएची छापील जाहिरात काढली आणि एका परिच्छेदावर बोट ठेवलं. एनडीएत दाखल होताना कॅडेटच्या खिशाखर्चासाठी आणि काही वस्तूंसाठी पालकांनी ठरावीक रक्कम जमा करायची असते, असं तिथे खरोखर लिहिलेलं आहे. तो नियम खरा आहे, पण एनडीएचा. ती रक्कम निवड होऊन एनडीएचं रीतसर बोलावणं आल्यावर तिच्याच नावे भरायची असते. अग्निवीरला असलं काही नसतं. खऱ्या कागदावरचा खरा नियम उचलून तो दुसरीकडे चिकटवायचा, ही ह्या लोकांची हातचलाखी आहे, आणि चार चौकशा करणारा माणूससुद्धा तिथे गप्प बसतो. पैसे यूपीआयने दोन हप्त्यांत एका व्यक्तीच्या खात्यावर गेले. तो ट्रस्टचा खजिनदार आहे असं सांगितलं.

मग रोज «पुढच्या आठवड्यात». शेवटी मामांनी ते पत्र छापून घेतलं आणि आम्ही थेट भरती कार्यालयाच्या गेटवर गेलो. तिथल्या हवालदारांनी पत्र उजेडाकडे धरलं आणि शिक्क्यावर नख फिरवलं. शिक्का सहीच्या खालून गेला होता, म्हणजे संगणकावर आधी शिक्का आणि वरून सही चिकटवलेली. रोल नंबर खरा, कारण तो पोराच्या प्रवेशपत्रावरून घेतलेला. मला म्हणाले, «माताजी, फौज भरती के पैसे नहीं लेती. मेरिट लिस्ट वेबसाईट पर आती है, रोल नंबर से.» मग त्यांनी रिव्ह्यूची तारीख विचारली. ती केव्हाच उलटून गेली होती. लेक बाजूला उभा होता, त्याला ते माझ्याआधी समजलं.

दोन लाख पंच्याऐंशी हजार मी कर्ज काढून का होईना भरून काढीन. पण कानातल्या मळासाठी पोराचं एक वर्ष गेलं, आणि ते त्या माणसाने जाणूनबुजून घालवलं. पोरगा हॉस्पिटलला गेला असता तर फिट होऊन आला असता, आणि मग अनामत मागायला त्याला जागाच उरली नसती. म्हणून त्याने चिठ्ठी उचलून नेली. याचा राग माझ्या मनातून जात नाही.

पुढे बाकीचे पालक भेटत गेले तसा सगळा धंदा समजला. काही जणांकडून «काम झालं तरच उरलेले द्या» म्हणून अर्धे आगाऊ घेतलेले. तो कुणासाठी काहीच करत नाही. बॅचमधली जी चार-पाच मुलं स्वतःच्या दमावर लागतात त्यांचे पैसे पूर्ण घेतो, त्यांच्या घरी पेढे घेऊन जातो, फोटो काढतो, आणि ते फोटो पुढच्या फ्लेक्सवर येतात. जी लागत नाहीत त्यांच्यातला जो जास्त आरडाओरडा करतो त्याला थोडे परत, बाकीच्यांना तारखा. फ्लेक्सवरच्या एका मुलाच्या वडिलांना आम्ही शोधून काढलं, त्यांचा मुलगा या अकॅडमीत एक दिवससुद्धा नव्हता.

तक्रार द्यायला गेल्यावर आधी ऐकायला मिळतं की हा देण्याघेण्याचा आपसातला वाद आहे, कोर्टात जा. आम्ही बनावट पत्राची छापील प्रत, यूपीआयच्या नोंदी, देणगीच्या पावत्या आणि त्याचे व्हॉट्सअॅपवरचे आवाजी निरोप असं सगळं जोडून पोलीस अधीक्षक कार्यालयात लेखी अर्ज दिला, तेव्हा फसवणुकीचा गुन्हा नोंदला. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, बनावट दस्तऐवजाची कलमं वेगळी, ती लागावीत म्हणून बनावट पत्र अर्जाला जोडाच. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि लगेच लक्षात आलं तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर त्याच तासाला फोन करा, समोरचं खातं गोठवण्याची शक्यता तेव्हाच असते. आमचे दिवस निघून गेले होते. मूळ दाखला आणि मार्कलिस्ट मात्र पोलिसांनी बोलावल्यावर त्याने निमूट आणून दिली.

फीचा विषय वेगळा धरा. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे तक्रारीची फी पडत नाही, आणि आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. निवडीची हमी देऊन मुलं घ्यायची नाहीत, आणि मुलाने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यायची, असं त्यात स्पष्ट आहे. आमच्या वकिलांनी अर्जात तेच घातलंय.

अकॅडम्या सगळ्या वाईट असं मी म्हणत नाही. आमच्याच भागात एक निवृत्त सुभेदार मातीच्या मैदानावर पोरांना नाममात्र फीत पळवतात, आणि लेखीचं मला जमत नाही असं तोंडावर सांगतात. एनडीएच ठरलेलं असेल तर छत्रपती संभाजीनगरला राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व प्रशिक्षण संस्था १९७७ पासून आहे, दहावीनंतर प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडतात. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे. आम्हाला हे दहावीच्या वेळी कुणी सांगितलं नाही, शाळेनेही नाही. मामा त्यांच्या काळात थेट भरतीला उभे राहिलेले, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

लेकाने आता स्वतः ठरवलंय. पुढच्या अग्निवीर भरतीचा फॉर्म तो भरणार, आणि वयात बसतंय तोवर एनडीएची लेखीही देणार. गणितासाठी गावातल्याच एका शिक्षकांकडे जातो. सकाळी पळायला जाताना मामा सायकलवर मागे असतात.

ह्या किंवा असल्याच अकॅडमीत तुमचे पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका. पावत्या, निरोप, पत्रं काहीही असेल ते घेऊन आपल्या पोलीस ठाण्यात जबाब द्या. एकाच्या तक्रारीला तो व्यवहाराचा वाद म्हणतो, दहा जणांच्या जबाबाला तसं म्हणता येत नाही. आणि ज्या पोराच्या खिशात आत्ता रिव्ह्यूची चिठ्ठी आहे, त्याच्या आईबापांनी आजच त्यावरची तारीख बघा, चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा, चिठ्ठी कुणाच्या हातात देऊ नका, आणि पोराला घेऊन तिच्यावर लिहिलेल्या हॉस्पिटलला मुदतीच्या आत स्वतः जा.