ग्रेट सेंट्रल रोड: दोन परमिटं, मोजके पंप आणि हजारेक किलोमीटर माती

मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रसिद्ध खडकाजवळच्या युलाराहून वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या लॅव्हर्टनपर्यंत जाणारा हा रस्ता सुमारे १,१०० किलोमीटरचा आहे. डांबरीकरण टप्प्याटप्प्याने चालू आहे, तरी बराचसा रस्ता अजून लाल मातीचाच. जवळजवळ सगळी वाट आदिवासींच्या जमिनीतून जाते, त्यामुळे नुसतं पार व्हायचं असलं तरी परमिट लागतं. ते फुकट मिळतं आणि अर्ज ऑनलाइन होतो. सेवा म्हणून आमचं मत चांगलं आहे. मात्र एका परमिटवर काम भागत नाही, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते.

नॉर्दर्न टेरिटरी आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची सीमा डॉकर रिव्हर या वस्तीच्या जरा पुढे लागते. सीमेच्या पूर्वेची जमीन पीटरमन ॲबोरिजिनल लँड ट्रस्टची. तिचं परमिट ॲलिस स्प्रिंग्जची सेंट्रल लँड कौन्सिल देते. नॉर्दर्न टेरिटरीतल्या आदिवासींना जमिनीचे हक्क देणारा १९७६ चा कायदा या व्यवस्थेच्या मुळाशी आहे. पश्चिमेला न्गान्याजारा या आदिवासी लोकांची भूमी आहे आणि तिचं परमिट वेगळं, दुसऱ्या कार्यालयाचं. एकीकडचा कागद दुसरीकडे चालत नाही. दोन्ही कार्यालयांनी मिळून एकच फॉर्म ठेवला असता तर किती सोयीचं झालं असतं! ही या सेवेतली सर्वांत मोठी उणीव.

फॉर्ममध्ये गाडीतल्या प्रत्येकाचं नाव, तारखा, मार्ग आणि गाडीचा नंबर भरायचा असतो. भाड्याच्या गाडीचा नंबर बहुधा ताब्यात घेतानाच कळतो. तेव्हा कंपनीकडे आधी विचारा, नाही मिळाला तर मिळताच परमिट कार्यालयाला कळवून दुरुस्ती करून घ्या. अर्ज दोन-तीन आठवडे आधी टाका आणि तारखांत एक दिवस मोकळा धरा, कारण पाऊस झाला की रस्ता बंद करतात. बंद रस्त्यावर गाडी घातली तर मोठा दंड होतो. दोन्ही परमिटं छापून जवळ ठेवा, मोबाइलची रेंज वस्त्यांच्या आसपासच मिळते.

परमिटात काय येतं हे नीट समजून घ्या. मुख्य रस्ता, रोडहाऊसवर (म्हणजे रस्त्याकडेच्या पंप-दुकानावर) इंधन-खाणं आणि वाटेतला मुक्काम एवढंच. आडवाटा, पवित्र स्थळं आणि वस्त्यांमधली घरं त्यात नाहीत. गनबॅरल हायवे या याच भागातल्या जुन्या कच्च्या रस्त्यावर वळायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी. न विचारता माणसांचे फोटो काढू नयेत. वस्तीत कुणाचं निधन झालं की शोककाळ पाळतात, त्याला तिथे 'सॉरी बिझनेस' म्हणतात. अशा वेळी एखादी वस्ती किंवा रस्ता पाहुण्यांना बंद होऊ शकतो. निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा, आणि नाही म्हणाले तर हुज्जत न घालता बेत बदला. जमीन त्यांची आहे. दारू तर गाडीत बंद बाटलीतसुद्धा नको.

आता रोडहाऊस. युलारानंतर डॉकर रिव्हर, वाराकुर्ना, वॉरबर्टन, जुकायर्ला आणि मग थेट लॅव्हर्टन. वाराकुर्ना ते वॉरबर्टन सुमारे २३० किलोमीटर, तिथून जुकायर्ला साधारण २५०, आणि शेवटचा टप्पा ३०० च्या वर. चढा भाव पाहून कुरकुर करू नये, टँकर कुठून येतो ते पाहावं. खरी अडचण वेळेची आहे: शनिवार-रविवारी पंप लवकर बंद होतात. जुकायर्लाचा पंप बंद मिळाला तर वॉरबर्टन ते लॅव्हर्टन साडेपाचशे किलोमीटर एका टाकीवर काढावे लागतील. मातीवर मोठी फोर व्हील ड्राइव्ह गाडी १०० किलोमीटरला १४ लिटर पिते असं धरा, म्हणजे ७७ लिटर झाले. ८० लिटरच्या टाकीत हे जेमतेम बसतं, म्हणून २० लिटरचा एक कॅन सोबत हवाच, तोही गाडीच्या आत नाही, बाहेर बांधलेला. डिझेल गाडी असेल तर उत्तम. पेट्रोलच्या जागी इथे 'ओपल' मिळतं: हुंगून नशा करण्याचं व्यसन रोखण्यासाठी, नशा आणणारे घटक कमी करून बनवलेलं इंधन. साध्या ९१ ऑक्टेनच्या (ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा दर्जा सांगणारा आकडा) गाडीला ते चालतं, पण ९५ मागणाऱ्या गाडीवाल्यांनी मॅन्युअल आधी वाचावं.

वाराकुर्नाला थोडा वेळ काढाच. शेजारीच जाइल्स हवामान केंद्र आहे. साउथ ऑस्ट्रेलियातल्या वूमेरा तळावरच्या रॉकेट चाचण्यांसाठी ते १९५६ मध्ये उभं राहिलं. गनबॅरल रस्ता काढणाऱ्या लेन बीडेलचा ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करणारं यंत्र, तिथे ठेवला आहे. गंजलेल्या लोखंडाचं ते धूड पाहिलं की या भागात रस्ते कसे निघाले त्याची कल्पना येते.

गाडीचे सर्वांत जास्त हाल करतात त्या रस्त्यावरच्या आडव्या लाटा. तासन् तास त्यांवरून गेलं की शॉक ॲब्सॉर्बरमधलं तेल तापतं, ते झटके पचवेनासे होतात आणि वळणावर मागचं टोक सरकतं. डांबरावर टायरमध्ये ३६ ते ३८ पीएसआय हवा असेल तर मातीवर २८-३० करा, वेग ८० च्या आत ठेवा आणि दर तासा-दोन तासांनी थांबून शॉक निवू द्या. हवा कमी करून वेग मात्र तोच ठेवला तर टायरची बाजू तापून फाटते. स्टेपनी दोन हव्यात, भाड्याच्या गाडीत बहुधा एकच असते, दुसरी मागून घ्या. कच्च्या रस्त्यावर विमा लागू आहे का, हे लेखी घ्या. संध्याकाळी चाकांचे नट, बॅटरीचा क्लॅम्प आणि छतावरच्या रॅकचे बोल्ट तपासा. हे हमखास सैल होतात.

पाणी माणशी रोज ७ लिटर, वर दोन दिवसांचा साठा. सॅटेलाइट फोन किंवा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन (संकटात उपग्रहामार्फत मदत मागणारं यंत्र), आणि इतर गाड्यांशी बोलायला यूएचएफ रेडिओ ४० नंबरच्या चॅनेलवर. अंधार पडायच्या आत मुक्काम करा, कारण रस्त्यावर उंट आणि कांगारू येतात. मे ते सप्टेंबर हाच योग्य काळ, पण जुलैतल्या रात्री शून्याजवळ जातात. पश्चिमेला जाताना ताजी फळं, भाज्या आणि मध सीमेपलीकडे नेता येत नाहीत. कांदे, टोमॅटो आणि मिरच्या डॉकर रिव्हरपर्यंतच्या स्वयंपाकात संपवा, पुढच्या जेवणांना डाळ-तांदूळ, पिठं आणि डबाबंद भाज्या ठेवा.