हेडलॅम्प: उसाचा एक हंगाम आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

हेडलॅम्प घेताना सगळे ल्युमेन, म्हणजे उजेड किती, ते विचारतात. माझं सांगणं आहे, आधी चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी बूच बघा. नखाएवढ्या त्या रबरामुळं माझा दिवा बंद पडला आणि सर्व्हिस सेंटरनं ‘वॉटर डॅमेज’ म्हणून वॉरंटी नाकारली. पळणाऱ्याच्या कपाळावर बांधायला म्हणून विकलेल्या दिव्यात घाम गेला, तर तो गिऱ्हाइकाचा दोष कसा?

कंपनीचं नाव लिहीत नाही. याच साच्यातला दिवा ऑनलाइन वेगवेगळ्या नावांनी मिळतो. पुढं पांढरा दिवा, मागं पट्ट्यावर छोटा लाल, बटण उजवीकडं, चार्जिंगचं तोंड खालच्या अंगाला. मला अठराशेला पडला.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला काम करतो. सेकंड शिफ्ट सुटून फुलेवाडीला घरी पोचेपर्यंत मध्यरात्र होते, त्यामुळं लाँग रन रात्रीच. आठवड्यात रंकाळा तलावाचे फेरे. चौपाटीच्या बाजूला दिव्याची गरजच नाही, शालिनी पॅलेसच्या अंगाला झाडीखाली मंद उजेडावर भागतं. खरी परीक्षा शनिवारी, गगनबावडा रस्त्याला. बालिंग्याचा पूल ओलांडला की दोन्हीकडं ऊस, आणि कळे गावापर्यंत जाऊन परत यायचं.

हंगामात या रस्त्यावर रात्रभर उसाचे ट्रॅक्टर असतात. एकामागं दोन ट्रॉल्या, बऱ्याच वेळा मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. मी उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असा पळतो. पण ट्रॅक्टरला ओव्हरटेक करणारी मोटारसायकल मागून याच कडेला येते. ताशी साठच्या वेगानं ती सेकंदाला सोळा-सतरा मीटर कापते. तिला मी दिसायचा तो मागच्या लाल दिव्यानं. पुढच्या पांढऱ्या उजेडापेक्षा हा लाल दिवा जास्त मोलाचा आहे, हे हंगामानं शिकवलं. पुढच्या उजेडाचा उपयोग कुत्र्यांसाठी: त्यात त्यांचे डोळे लांबूनच हिरवे चमकतात, मग चाल कमी करून शांतपणे पुढं जाता येतं.

खोक्यावर ‘300 ल्युमेन, 8 तास’ लिहिलंय. हे दोन आकडे एका वेळी खरे नसतात. टॉर्च मोजायच्या एफएल-1 मानकात सुरुवातीचा उजेड दहा टक्क्यांवर उतरेपर्यंतचा सगळा वेळ धरतात. म्हणजे 300 चा दिवा 30 वर आला तरी खोक्यावरचं घड्याळ चालूच. माझा दिवा पूर्ण उजेडावर तासाभरात स्पष्ट मंदावतो. मधल्या पायरीवर अख्खा लाँग रन निघतो आणि पळायला तेवढा उजेड पुरतो, म्हणून ही तक्रार मी फार ताणत नाही.

आता बूच. तोंडाभोवतीची खोबणी उथळ आहे आणि बुचाची कड सपाट, तिला ओठच नाही. रबर दाबलं गेलं तरच सील होतं. ओ-रिंग, म्हणजे सीलची रबरी कडी, बसवणाऱ्या कुठल्याही कामगाराला हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. इथं दाबच नाही, बूच नुसतं टेकून राहतं. वर तोंड खालच्या अंगाला, म्हणजे कपाळावरून ओघळणारा घाम नेमका तिथं जमतो. खोक्यावर आयपीएक्स-4 हा पाण्यापासून बचावाचा दर्जा छापलाय, पण ती चाचणी साध्या पाण्याच्या शिंतोड्यांची. घामात मीठ असतं. ओलसर तोंडात चार्जर लावला की पाच व्होल्ट आणि मीठ मिळून पिना खातात. फेब्रुवारीपासून चार्जिंग अडखळायला लागलं, मार्चमध्ये बंद.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. “सर, पोर्टला गंज आहे, फ्री होणार नाही.” म्हटलं, तुमच्याच जाहिरातीत माणूस पावसात पळतोय. “सर, ते पॉलिसीत बसत नाही.” नवीन युनिटवर थोडी सूट देतो म्हणाले. पुन्हा तेच बूच विकत घ्यायला माझ्याकडं पैसे नाहीत.

इथपर्यंत मार्चमध्येच लिहून ठेवलं होतं आणि शेवटी ‘घेऊ नका’ असं लिहिलं होतं. आता ते काढून टाकलं, कारण मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या.

राजारामपुरीत मोबाइल रिपेअर करणाऱ्या एका पोरानं दिवा उघडून बघितला. “दादा, बोर्ड चांगला हाय. घामानं निस्तं तोंड खाल्लंय.” दोनशे रुपयांत नवं तोंड सोल्डर करून दिलं, आतल्या जोडाला सिलिकॉन लावलं. मी वरून सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद पट्टा कापून दिव्याभोवती चढवला. बुचावर आता चारी बाजूंनी दाब बसतो. उन्हाळाभर घामानं भिजून पळालो, तोंड कोरडं. म्हणजे कंपनीला हे काही पैशांत जमलं असतं, आणि राग आहे तो याचाच.

दुसरी गोष्ट मला नवी होती. ट्यूबमुळं कपाळावर जड वाटायला लागला, म्हणून दिवा कमरेला बांधला. त्याच रात्री रस्ता वेगळा दिसला. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असतो, त्यामुळं वस्तूची सावली तिच्याच मागं लपते आणि खड्डा सपाट वाटतो. कमरेवरून उजेड तिरपा पडतो, सावल्या लांब होतात. खड्ड्याची कड उठून दिसते, आणि ट्रॉलीतून पडलेली उसाची कांडीसुद्धा. गोल कांडीवर पाय पडला की घोटा मुरगळलाच समजा, आणि हंगामात अख्खा रस्ता कांड्यांनी भरलेला असतो. मागचा लाल दिवाही कमरेवर जास्त स्थिर राहतो. टी-शर्ट वर सरकवून खोचायचा, नाहीतर तो झाकला जातो.

तेव्हा उजेड चांगला, लाल दिवा उत्तम, पट्टा अजून सैल झालेला नाही. हातानं दुरुस्ती करायची तयारी असेल तरच घ्या. दुकानात बघायला मिळाला तर बूच नखानं एका कोपऱ्यातून उचला. सहज निघालं तर परत ठेवा. माझा पुढचा दिवा 18650 सेल (18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब, चार्ज होणारा) बाहेर काढता येणारा असेल: सेल वेगळ्या चार्जरवर लावायचा, दिव्याला तोंडच नको.

वॉरंटीचा विषय मी सोडलेला नाही. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. बिल, खोक्याचे फोटो आणि पावसात पळणाऱ्या माणसाची ती जाहिरात जोडली आहे. तिथं नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही. असाच दिवा असाच बंद पडला असेल तर बिल टाकून देऊ नका आणि ‘वॉटर डॅमेज’ हे कारण त्यांच्याकडून लेखी घ्या. मी ते ईमेलवर मागून घेतलंय.