जुन्या गाडीत कूलंट कुठलं टाकावं: हिरवं, लाल, का आपलं नळाचं पाणी?

आमची सँट्रो झिंग २००५ ची आहे, लाखाच्या वर पळालेली. मागच्या महिन्यात एका रविवारी इंजिन गार असताना सहज रेडिएटरचं झाकण काढलं, आत बोट घातलं, तर बोटाला चहाच्या चोथ्यासारखा तांबूस गाळ. आणि शेजारच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत मात्र हिरवंगार, एकदम सरबतासारखं कूलंट (इंजिन गार ठेवायला पाण्यात मिसळतात ते). आधीच्या सर्व्हिसच्या बिलात 'कूलंट चेंज' लिहून पैसे घेतलेले, म्हणजे बाटलीतलं बदललं आणि आतलं तसंच ठेवलं. कुठलं गॅरेज ते जाऊ दे. पण तेव्हापासून मी बाटलीवर विश्वास ठेवत नाही आणि तुम्हीही काय टाकायचं ते ठरवायच्या आधी झाकण उघडून आत काय आहे ते बघा. गाडी पूर्ण गार असतानाच हां, गरम गाडीचं झाकण काढलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं, मी एकाचा भाजलेला हात बघितलाय.

मग नवीन काय टाकायचं म्हणून नाना पेठेत दोन दुकानं फिरलो, सोसायटीत विचारलं, तर जितकी तोंडं तितकी उत्तरं. एक म्हणे हिरवं घे, एक म्हणे लाल घे लाँग लाइफ आहे, आणि आमचे तळमजल्यावरचे काका म्हणाले, "अरे पुण्यात बर्फ पडतो का? आमच्या फियाटने आयुष्यभर पाणीच प्यायलं."

तर आधी काकांचाच मुद्दा घेऊ, कारण तो सगळ्यात स्वस्त आहे आणि पूर्ण चुकीचा पण नाही. उष्णता वाहून न्यायच्या बाबतीत नुसतं पाणी कूलंटपेक्षा सरसच असतं. गोठायचा प्रश्न आपल्याला नाही, कूलंट-पाण्याचं फिफ्टी-फिफ्टी मिश्रण उणे ३७ डिग्रीपर्यंत गोठत नाही हे वाचून पुणेकराने काय करायचं. पण उकळायचा प्रश्न आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ डिग्रीच्या आसपासच उकळतं. रेडिएटरचं झाकण धड असेल तर ते आत साधारण एक बार प्रेशर धरतं आणि पाणी १२० पर्यंत तग धरतं, निम्मं कूलंट निम्मं पाणी असेल तर १२९ च्या आसपास. आता वीस वर्षं जुन्या गाडीच्या झाकणाचं रबर आणि स्प्रिंग कितपत धड असणार? झाकण प्रेशर धरत नसेल तर फॅन चालू होतो त्याच्या जेमतेम वर पाणी उकळायला लागतं, खंबाटकीत ट्रकच्या मागे एसी लावून सेकंड गिअरमध्ये अडकलात की काटा वर. कूलंट असेल तर तेवढ्यातच आणखी आठ-नऊ डिग्रीची सवड मिळते. तसं झाकण नवीन घेणं हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त पार्ट आहे, कूलंट बदलाल तेव्हा तेही बदलून टाका, फक्त जुन्यावर जो प्रेशरचा आकडा छापलाय तोच घ्या.

आणि खरी गोष्ट तर गंजाची आहे. काकांच्या फियाटचा रेडिएटर तांब्या-पितळेचा होता, लीक झाला की रेडिएटरवाला डाग मारून (शिशाने झाळून) द्यायचा, चोक झाला की उघडून साफ करायचा. आमच्या गाडीला ॲल्युमिनियमची जाळी आणि वर-खाली प्लॅस्टिकच्या टाक्या, इंजिनचा ब्लॉक लोखंडी, त्यावरचं हेड ॲल्युमिनियमचं. वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडवून ठेवले की एक दुसऱ्याला खातो, आणि ॲल्युमिनियमची नळी एकदा सडली की तिला कोणी डाग मारून देत नाही, अख्खा रेडिएटर नवीन. कूलंटमधलं ग्लायकॉल उकळायचं-गोठायचं बघतं, गंज थांबवतात ती त्यात घातलेली बाकीची रसायनं, आणि हिरवं-लाल हा सगळा वाद त्या रसायनांचा आहे.

वाद म्हटलं पण रंग म्हणजे नुसता डाय हं. रंगाला कुठलंही स्टँडर्ड नाही, एकाचं हिरवं दुसऱ्याच्या लालसारखं असू शकतं, त्यामुळे "माझ्यात हिरवं आहे, हिरवंच दे" असं काउंटरवर म्हणणं म्हणजे पांढरी गोळी द्या म्हणण्यासारखं आहे. बाटली उलटी करून मागचं बारीक वाचा, आयएस ५७५९ (भारतीय स्टँडर्ड) किंवा जेआयएस के २२३४ (जपानी) असं काही लिहिलंय का, आणि आत कुठली टेक्नॉलॉजी.

जुनं पारंपरिक हिरवं, ज्याला आयएटी म्हणतात, त्यात सिलिकेट, फॉस्फेट वगैरे असतं. ते धातूवर लगेच थर धरतं, म्हणून तांब्या-पितळेच्या, शिशाचे डाग असलेल्या रेडिएटरला तेच बरं. वाईट एवढंच की थर धरता धरता ते स्वतः संपतं, दोन वर्षांत बदलायला हवं, आणि आपल्याकडे दोन वर्षांनी कूलंट बदलणारा माणूस मला तरी अजून भेटायचाय. लाल-नारंगी लाँग लाइफ म्हणजे बहुतेक वेळा ओएटी. त्यातली सेंद्रिय आम्लं जिथे गंज सुरू होतो तिथेच काम करतात म्हणून हळू संपतात, पाच वर्षं सहज जातात. तिसरा प्रकार म्हणजे जपानी-कोरियन गाड्यांसाठीचं, सेंद्रिय आम्लांसोबत फॉस्फेट असलेलं पण सिलिकेट नसलेलं, ते गुलाबी, निळं, हिरवं कुठल्याही रंगात मिळतं. जपानी कंपन्यांनी सिलिकेट टाळलं कारण त्याने वॉटर पंपाचं सील झिजतं असं त्यांचं म्हणणं, आणि युरोपवाल्यांनी फॉस्फेट टाळलं कारण त्यांच्याकडचं पाणी जड, फॉस्फेट आणि कॅल्शियम भेटले की खार धरतो.

हा युरोपवाला मुद्दा पुण्यात फार लागू आहे, आणि दुकानदार तो कधीच सांगत नाही. तुम्ही शनिवार-सदाशिव पेठेत राहत असाल, नळाला खडकवासल्याचं पाणी येत असेल, तर ते बऱ्यापैकी मऊ असतं. पण वाघोली, उंड्री, असं जिथे बोअर आणि टँकरवर सोसायटी चालते तिथे गीझरच्या कॉइलची काय अवस्था होते ते तुम्हाला माहितीये, बादलीच्या काठावरचा पांढरा थर रोज बघता. तेच पाणी फॉस्फेटवाल्या कूलंटमध्ये मिसळलं तर तोच थर तुमच्या रेडिएटरच्या नळ्यांमध्ये. म्हणजे महागडं कूलंट आणि टँकरचं पाणी ही जोडी माझ्या मते सगळ्यात वाईट. पाणी डिस्टिल किंवा डीएमच (क्षार काढलेलं) घ्या, बॅटरीत घालतो ते, पाच लिटरचा कॅन पेट्रोल पंपाजवळ कुठेही मिळतो आणि मिसळच्या दोन प्लेटइतके पण पैसे लागत नाहीत.

मग माझं मत काय. पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा तांब्याचा मूळ रेडिएटर असलेली कुठलीही गाडी असेल तर साधं हिरवं आयएटी, आणि दर दोन वर्षांनी बदलायची तयारी. नव्वदच्या दशकातली किंवा नंतरची ॲल्युमिनियम रेडिएटरची गाडी असेल, झेन, सँट्रो, वॅगन आर, तर मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय त्याच्याशी जुळणारं लाँग लाइफ. मॅन्युअल हरवलं असेल तर गाडीच्या कंपनीचं जेन्युइन कूलंट घेऊन मोकळे व्हा, चार लिटरच्या सिस्टीमला फरक शे-दोनशेचा पडतो, त्यासाठी डोकं खपवू नका. हिरव्यात लाल, म्हणजे आयएटीत ओएटी, ओतू नका. लगेच स्फोट होत नाही, काही वेळा नुसतं चालूनही जातं, पण दोन्हींची गंज थांबवायची ताकद कमी होते आणि काही मिश्रणांचा जेलीसारखा गोळा होतो. "युनिव्हर्सल, कशातही टाका" लिहिलेलं टॉप-अपला अडीअडचणीत ठीक.

आता रेडीमिक्स (आधीच पाणी मिसळलेलं) का कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं). इथे मी स्वतः चुकत होतो. रेडीमिक्स सोपं वाटतं, उघडा आणि ओता, पण जुनी गाडी आपण आधी पाण्याने धुतो ना, तिथे घोळ होतो. सिस्टीम समजा चार लिटरची. खालचा प्लग काढला की अडीच लिटर बाहेर येतं, दीड लिटर ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या नळ्यांत तसंच राहतं. धुवून झाल्यावर ते दीड लिटर म्हणजे नुसतं पाणी. त्यावर अडीच लिटर फिफ्टी-फिफ्टी रेडीमिक्स ओतलं तर ग्लायकॉल गेलं सव्वा लिटर, चारात सव्वा, म्हणजे ३१ टक्के. आणि बाजारात काही रेडीमिक्स मुळातच पातळ असतात, तेव्हा आणखी कमी. त्यापेक्षा दोन लिटर कॉन्सन्ट्रेट ओता, वर अर्धा लिटर डिस्टिल, झालं बरोब्बर निम्मं. म्हणून धुणार असाल तर कॉन्सन्ट्रेट, आणि आत आधीपासून त्याच जातीचं स्वच्छ कूलंट असेल, नुसतं काढून नवीन घालायचं असेल, तर रेडीमिक्स. उलट "जास्त घातलं तर जास्त थंड" म्हणून नुसतं कॉन्सन्ट्रेट भरू नका, ते पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं, गाडी उलट जास्त तापेल.

स्वतः करावं का गॅरेजला द्यावं? पार्किंगमध्ये जागा असेल, एक पाना, एक पसरट टब आणि रविवारचे तीन तास असतील तर स्वतः. गॅरेजवाला वाईट असतो असं नाही, पण हे कंटाळवाणं काम आहे, तीन-चार वेळा पाणी भरा, इंजिन चालवा, गार होऊ द्या, काढा. त्याच्याकडे बाहेर सहा गाड्या उभ्या, तो एकदाच काढून भरणार. दिलीत तर समोर उभे राहा. पण हीटरचे किंवा रेडिएटरचे होज पाईप दाबून बघितल्यावर कडक, चिरलेले लागत असतील तर सरळ फिटरकडे जा, घरी उपटताना तोटी तुटली की रविवारी संध्याकाळी टो करावी लागते. आणि ऑइलच्या झाकणाखाली कॉफीवरच्या फेसासारखं काही असेल, किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर कूलंटचा विचारच नको, आधी हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं सील) बघा.

मी केलं ते असं: हीटर फुल गरमवर ठेवला, गार इंजिन, खालून सोडलं. पहिलं पाणी मातकट, दुसरं लिंबू-चहासारखं, चौथ्यांदा कुठे स्वच्छ. शेवटचं धुणं डिस्टिलने, कारण ते दीड लिटर आत राहणार असतं. फ्लशचं केमिकल मुद्दाम वापरलं नाही. जुन्या गाडीत गंजानेच बारीक भोकं बुजवलेली असतात, जोरात साफ केलं की ती उघडी पडतात आणि मग माणूस म्हणतो "कूलंट टाकलं आणि लीक सुरू झालं." हायवेवरचे ड्रायव्हर लीक थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकतात, थांबतं पण कधीकधी, फक्त ती हळद पुढे हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. घरी पोचण्यापुरतं ठीक.

भरताना एअर लॉक, म्हणजे आत अडकलेली हवा, हीच खरी डोकेदुखी. सोसायटीच्या रॅम्पवर गाडीचं नाक वर करून लावली, झाकण उघडं ठेवून चालू केली, वरचा पाईप हाताने दाबत राहिलो, बुडुक बुडुक हवा निघत राहिली. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडणारा व्हॉल्व्ह) उघडल्यावर वरचा पाईप एकदम तापला, लेव्हल खाली गेली, परत भरलं. फॅन दोनदा लागून बंद झाला तेव्हा झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीत दोन बोटं कमी होतं, तेवढं वर भरलं, तेव्हापासून जैसे थे.

काढलेलं जुनं पाणी गटारात ओतू नका, रस्त्यावर तर अजिबात नाही. ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि किडन्या निकामी होऊन मरतात, आमच्या पार्किंगमध्ये तीन मांजरं आहेत म्हणून मी टब उघडा ठेवला नाही एक मिनिट. झाकणाच्या कॅनमध्ये भरून फिटरकडे दिलं, तो जुन्या ऑइलसोबत वेगळं ठेवतो.

काका सगळा वेळ खुर्ची टाकून बसले होते. शेवटी म्हणाले, "एवढं सगळं पाण्यासाठी," आणि उरलेलं डिस्टिल वॉटर इन्व्हर्टरला लागेल म्हणून घेऊन गेले.