डाऊन पेमेंट किती भरावे? दादरमधील एका बँकेच्या वाहनकर्ज विभागाविषयी

नवी गाडी घेताना पदरचे किती घालावेत आणि कर्ज किती काढावे, याचा नीट विचार करून देणारे माणूस मुंबईत सहजी भेटत नाही. आम्हा पतीपत्नीला ते दादरमधील एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या वाहनकर्ज विभागात भेटले. तेथील सेवा सर्वार्थाने उत्तम होती असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या एका कामासाठी अशा विभागात जावे, ते काम तेथे चोख झाले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

त्याआधी आम्ही पश्चिम उपनगरातील एका शोरूममध्ये गेलो होतो. पसंत केलेल्या पेट्रोल गाडीची एक्स-शोरूम किंमत नऊ लाख होती. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के वाहनकर लागतो. तो, विमा आणि इतर किरकोळ खर्च धरून ऑन-रोड किंमत साडेदहा लाखांच्या घरात जात होती. फायनान्सच्या टेबलावरील तरुणाने एकच प्रश्न विचारला, “साहेब, महिन्याला हप्ता किती जमेल ते सांगा, बाकी आम्ही बसवतो.” त्याने बसवलेला हिशेब असा होता: दीड लाख रोख, नऊ लाख कर्ज, मुदत सात वर्षे, व्याज नऊ टक्के, हप्ता १४,४८० रुपये. एकूण व्याज किती जाईल, हे त्याने सांगितले नाही. विमाही त्यांच्याकडूनच घ्यावा लागेल असा त्याचा आग्रह होता. वास्तविक ग्राहकाला विमा हव्या त्या कंपनीकडून घेता येतो.

बँकेतील अधिकारी बाईंनी हप्त्याचा विषय शेवटी घेतला. आधी त्यांनी आमचा घरखर्च, चालू असलेले गृहकर्ज आणि हाताशी असलेली रक्कम विचारली, मग त्याच नऊ टक्के दराने दोन तक्ते छापून आमच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. पहिला शोरूमच्या हिशेबाचा होता. दुसऱ्यात डाऊन पेमेंट साडेतीन लाख, कर्ज सात लाख आणि मुदत पाच वर्षे होती, आणि त्याचा हप्ता येत होता १४,५३१ रुपये. म्हणजे दरमहा खिशातून जाणारी रक्कम जवळजवळ तेवढीच, फरक अवघा ५१ रुपयांचा! मात्र पहिल्या तक्त्यात एकूण व्याज सुमारे ३ लाख १६ हजार होते आणि दुसऱ्यात सुमारे १ लाख ७२ हजार. सुरुवातीला दोन लाख जास्त भरले की दोन वर्षे आधी मोकळे होता येते आणि १ लाख ४४ हजार रुपये वाचतात, हे हप्त्याच्या आकड्यातून कधीच दिसले नसते.

यापुढे त्यांनी जे दाखवले, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. दोन्ही तक्त्यांतील चोविसाव्या हप्त्याच्या ओळीखाली त्यांनी लाल पेनाने रेघ मारली आणि समासात गाडीची विमा कंपनीने धरलेली किंमत, म्हणजे आयडीव्ही, लिहिली. विम्याच्या प्रचलित घसारा कोष्टकानुसार दोन ते तीन वर्षे वयाच्या गाडीची किंमत ३० टक्क्यांनी कमी धरली जाते; नऊ लाखांच्या गाडीची ती ६ लाख ३० हजार उरते. नऊ लाखांच्या कर्जात दोन वर्षांनी शिल्लक मुद्दल असते सुमारे ६ लाख ९८ हजार. त्या सुमारास गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर जाऊन ती पूर्ण नुकसानीत काढावी लागली, तर विम्याचे पैसे आधी बँकेकडे वळते होतात, आणि तरीही ६८ हजारांचे कर्ज डोक्यावर राहते. गाडी नाही, पण हप्ते चालू! सात लाखांच्या कर्जात त्याच वेळी शिल्लक साधारण ४ लाख ५७ हजार असते, त्यामुळे कर्ज फिटून वर काही रक्कम हाती येते. ज्या शहराने २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिला, तेथे ही भीती कागदोपत्री म्हणून सोडून देता येत नाही. ज्यांना कर्ज मोठे घेणे भागच आहे, त्यांनी सुरुवातीची वर्षे ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ हे जोडसंरक्षण, म्हणजे गाडी पूर्ण गेल्यास आयडीव्हीऐवजी खरेदीच्या बिलाची किंमत देणारी विम्यातील जादा सोय, घ्यावी, असेही त्यांनी सुचवले.

हे ऐकून आम्ही उलट टोकाला गेलो आणि मुदत ठेव मोडून पाच लाख भरतो म्हणालो, कारण ठेवीचे व्याज कर्जाच्या दरापेक्षा कमी आणि त्यावर प्राप्तिकर वेगळा. बाईंनी तेथेही थांबवले. “हातातली सगळी पुंजी गाडीत घालू नका. उद्या दवाखाना निघाला तर गाडी विकून पैसे उभे करणार का?” सहा महिन्यांचा घरखर्च आणि पुढील वर्षाचा विमा बाजूला ठेवून जे उरते, तेवढेच डाऊन पेमेंटमध्ये घालावे, हा त्यांचा दंडक मला पूर्णपणे पटला. आमच्या बाबतीत तो आकडा साडेतीन लाखांवर स्थिरावला.

आता उणिवा. मंजुरीला आठवड्याहून अधिक काळ लागला, एकच कागद दोनदा मागितला गेला, आणि शाखेत नोकरदार माणसाला सोयीची वेळ नाही. शोरूममध्ये हेच काम एका दुपारी उरकले असते. दर स्थिर असल्याने मुदतीआधी कर्ज फेडल्यास शुल्क आहे, ते मात्र आम्हाला सहीपूर्वीच दाखवले गेले. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक ग्राहकांच्या नव्या (रिटेल) कर्जांना मुख्य तथ्य विवरण, म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्च एकत्र सांगणारा कागद (की फॅक्ट्स स्टेटमेंट), देणे बंधनकारक केले आहे. प्रक्रिया शुल्क धरून येणारा वार्षिक दर त्यात असतो, आणि हा कागद आम्हाला न मागता मिळाला. शोरूममध्ये मागूनही तो “मंजुरीनंतर देतो” असे उत्तर आले होते.

पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी दारात हवी असेल, तर या विभागात किमान महिनाभर आधी जावे. जाताना शोरूमचे लेखी कोटेशन सोबत न्यावे, आणि प्रत्येक वर्षाअखेरचे शिल्लक मुद्दल व आयडीव्ही शेजारी शेजारी लिहून मागावी. आम्हाला तो तक्ता एकही पैसा न देता मिळाला.