नंबर पोर्ट करताना: ई-सिम की साधं सिम?

पोर्टिंग म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं. ई-सिम म्हणजे कार्ड न टाकता फोनमध्येच बसणारं सिम. पोर्टिंगची सुरुवात दोन्हीकडे सारखीच. मेसेजमध्ये इंग्रजीत ‘पोर्ट’, मग जागा सोडून आपला 10 अंकी नंबर लिहून 1900 वर पाठवायचा. येणारा 8 अक्षरांचा कोड नव्या कंपनीला द्यायचा, तो 4 दिवस चालतो. जुन्या कंपनीकडे किमान 90 दिवस झालेले हवेत आणि पोस्टपेडचं बिल थकलेलं नको. हरवलं म्हणून सिम नुकतंच बदललं असेल तर 7 दिवस कोडच मिळत नाही.

फरक पुढे पडतो. ई-सिमसाठी *#06# दाबा. ईआयडी (ई-सिमचा ओळख क्रमांक) दिसला तर फोन चालेल. नव्या कंपनीकडून आलेला क्यूआर कोड स्कॅन करताना वायफाय किंवा दुसऱ्याचा हॉटस्पॉट लागतो. स्कॅन झाल्यावर फोनमध्ये आलेलं ई-सिमचं प्रोफाइल डिलीट करू नका, बहुतेक वेळा तोच क्यूआर कोड पुन्हा चालत नाही.

अमेरिकेतून कुणी आयफोन पाठवला असेल तर तिथल्या 14 पासूनच्या मॉडेलना सिमची खाचच नाही, ई-सिमच घ्यावं लागतं. आधी सेटिंगमधल्या ‘अबाउट’मध्ये कॅरिअर लॉक (फोन एकाच कंपनीला बांधलेला आहे का) बघा, लॉक असेल तर इथलं कुठलंच सिम चालणार नाही.

पण लातूर-बीडकडे शेतातल्या मोटारीच्या मोबाइल स्टार्टरला साधं सिमच लागतं. स्टार्टर 2जी असेल तर जिओ नको, त्यांचं 2जी नेटवर्कच नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठीही साधंच बरं: फोन बंद पडला की सिम काढून बटनाच्या फोनमध्ये टाकता येतं.